शिंपी दिरांचं पाण्याशी वैर

आमचे धाकटे दीर शिंपी. जन्मभर मशीनवर बसले आणि जन्मभर पाण्याशी वैर धरलं. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की शिवण वाकडी जाते, हे त्यांचं शास्त्र. गावभराच्या कमरेची मापं तोंडपाठ. स्वतःची कंबर मात्र रोज ठणकायची. ठणकली की खिशातली दुखणं मारायची गोळी तोंडात, तीही कोरडीच. म्हणायचे, "हे औषध नव्हे वहिनी, मशीनला तेल घालतो तसं आहे."

मग पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, शिरेतून रंगाचं औषध सोडून पोटाचा स्कॅन काढू. सकाळी काही खाऊ नका, पाणी मात्र भरपूर प्या. भावजींनी सोयीचं तेवढं ऐकलं. आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब नाही, आणि तोरा असा की जगावर उपकार करताहेत.

स्कॅनच्या खोलीबाहेर नर्सने विचारलं, "काका, काही गोळ्या चालू?"

"एकही नाही. या वयात असा दुसरा दाखवा."

जाऊबाई छताकडे बघू लागल्या. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे त्यांचं घरंदाज वळण. मला असलं वळण कुणी लावलं नाही. मी भावजींच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट नर्सपुढे ठेवलं.

"हे काय, काका?"

"तेल," मी म्हणाले. "आणि कालपासून पाण्याचा थेंबही नाही."

नर्स हसली नाही. "रंग बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. या गोळ्यांनी ती आधीच थकलीत, रक्ताचा रिपोर्टही काठावर आहे, अंगात पाणी नाही. आज रंग सोडला तर ती बसतील."

डॉक्टर आले. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तपासताना मोबाईलमध्ये होतात," मी म्हटलं. त्यांनी मोबाईल खिशात घातला.

स्कॅन पुढे ढकलला. गोळ्या बंद, पाणी सुरू. जाऊबाई तांब्या घेऊन मशीनशेजारी पहाऱ्याला. रक्त पुन्हा तपासलं, मग जेमतेम लागेल तेवढाच रंग देऊन स्कॅन झाला. नंतरचं रक्तही ठीक निघालं. पोटात खडा होता, त्याचं पुढे बघताहेत.

आता भावजी गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगतात, मूत्रपिंडं मी स्वतः सांभाळली. सांगू देत.

परवा मला उशीचा अभ्रा शिवून दिला. शिवण तीन ठिकाणी वाकडी. बघून जिवाला बरं वाटलं.