दोघांत एक क्लच

माझा डावा पाय लहानपणीच्या तापात लुळा पडला. तरी मी मोटार घेतली आणि ती स्वतः चालवायचा हट्ट धरला. निजामाच्या राज्यात तेव्हा जालन्याहून अंबडला उतारूंची सर्व्हिस मोटार जाई. पण तीत दोन माणसांनी काखेत हात घालून मला चढवावं लागे. कचेरीसमोर, अशिलांच्या देखत, काळ्या शेरवानीतला वकील पोत्यासारखा उतरवला जाई. मेल्याहून मेल्यासारखं होई.

गाडी लहान, स्वस्तातली, दोन मालक करून माझ्याकडे आलेली. क्लच डाव्या पायाचा, म्हणून तो बायकोच्या वाट्याला आला. ती डावीकडे बसून आपला उजवा पाय माझ्या बाजूला लांबवायची. मी "दाब" म्हटलं की दाबायची, "सोड" म्हटलं की सोडायची. स्टिअरिंग, ब्रेक, गिअर आणि आवाज माझा. गिअर घालताना असा खरखराट व्हायचा की रस्त्यावरचे बैल बुजायचे, आणि मी दर वेळी तिच्यावरच खेकसायचो.

मिस्त्रीने गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उघडली आणि झिजलेले दात दाखवले.

"वकीलसाब, पाय एकाचा अन् हात दुसऱ्याचा, असं चालवून राह्यले तुम्ही. मंग दात बराबर कसे बसतील? आता तुटले तर गाडी बिलकुल खतम. लढाईमुळं सामान मिळून न्हाई राह्यलं."

"चालेल तितकी चालवीन," मी म्हणालो.

आठवड्यातच दुधना नदीच्या पात्रातून वर येताना गाडी चढावर अडली. मी पहिल्या गिअरसाठी दांडी ढकलली आणि ओरडलो, "सोड!" तिने पाय हलवला नाही. गाडी मागे पाण्याकडे सरकू लागली. मी ब्रेक दाबला, पुन्हा ओरडलो, नको ते बोललो.

"अहो, खरखर ऐकू येऊन राह्यली ना? गिअर बसलाच न्हाई अजून. परत ढकला."

ढकलला. दांडी खट्कन आत गेली. मी काही म्हणायच्या आत तिने पाय हळूहळू उचलला आणि गाडी चढून गेली. माझं ऐकून तिने आधीच सोडला असता, तर दात तिथंच तुटले असते. दोन वर्षं मी हुकूम सोडत होतो आणि गाडी सांभाळत होती ती. अंबडपर्यंत ती गाडीचा आवाज ऐकून आपणच दाबत-सोडत राहिली. मला माझीच लाज वाटत होती.

कचेरी सुटली तेव्हा अशील पायऱ्यांवर उभे होते. मी काठी टेकत, ती गाडीत बसली होती त्या डाव्या दाराशी गेलो.

"सरक तिकडं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं. मग पदर खोचून स्टिअरिंगमागे सरकली. "ब्रेक कोणता, तेवढं सांगा."

सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. गाडी सुरू झाली तसा माझा हात सवयीने दांडीवर गेला. तिने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि गिअर टाकला. काहीच वाजलं नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि उद्याच्या तारखेला आपण याच गाडीने येणारच, हेही तेव्हाच पक्कं झालं.