राहुकाल टाळून विमानात

अप्पांनी जन्मभर वैमानिकांचे शर्ट शिवले आणि विमानात मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं. चामराजपेटेत आमचं शिलाईचं दुकान. शहराच्या उत्तरेला विमान चालवायला शिकवणारी एक शाळा होती, तिथल्या पोरांचे खांद्यावर पट्ट्या असलेले पांढरे शर्ट आमच्याकडे यायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अप्पांना काचबिंदू निघाला, तोही उशिरा कळला. उरलेली नजर किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात अप्पा म्हणाले, "दिसतंय तोवर एकदा वरून बघायचंय." जन्मात या माणसाने काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे!

मी एका कचेरीत कारकून. विमान भाड्याने देणाऱ्या एका कंपनीला फोन केला, तर तिथल्या बाईंनी आधी माझा कारखाना कुठे आहे ते विचारलं. कारखाना? कप्पाळ माझं! मग माप द्यायला आलेला एक विद्यार्थी म्हणाला, पेट्रोलचा खर्च द्या, मी नेतो. मी हुरळले, पण शाळेत विचारून घ्यावं म्हणून गेले. तिथले मुख्य शिक्षक तापलेच. शिकाऊ पोराला प्रवासी बसवताच येत नाही, आणि स्वतःपुरता परवाना असलेल्याला पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही, असं त्यांनी मला सुनावलं. मग जरा निवळले. शाळाच लोकांना वीस मिनिटं फिरवून आणायची, धंद्याचा परवाना असलेला वैमानिक, रीतसर पावती. हे मला झेपण्यासारखं होतं. येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता या म्हणाले. दहानंतर वारा उठतो.

घरी आईने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाल. आमच्या दुकानाचं कुलूपसुद्धा सोमवारी नऊच्या आत निघायचं नाही. आजारी माणूस राहुकालात आभाळात? मी जिवंत असेपर्यंत नाही, म्हणाली. मला राग आला, पण खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. मीच फोन करून गुरुवार मागून घेतला.

बुधवारी शाळेतून निरोप आला. चौघांचं विमान तेवढं एकच, तपासणीत त्याच्या इंजिनात दोष निघाला होता. भाग परदेशातून यायचा, स्वल्प थांबा. त्यांचं स्वल्प तीन महिन्यांचं झालं. तेवढ्यात अप्पांची आधी सुई गेली, मग काजं-बटणं, मग ते मला पावलांवरून ओळखू लागले. फक्त उजेड आणि अंधार उरला. आईला मात्र "जरा धूसर आहे" एवढंच सांगायचे, आणि जिन्याच्या पायऱ्या मोजून उतरायचे.

विमान तयार असल्याचा फोन आला तेव्हा मला नुसता संताप आला. बैल गेला आणि झोपा केला! मी हळूच म्हटलं, आता राहू द्या अप्पा.

"जाऊ या," ते म्हणाले. "नाहीतर तिला वाटेल, तिच्यामुळे हुकलं."

गुरुवारी सकाळी गेलो. अप्पांना पुढे बसवलं, वैमानिकाचं बोलणं ऐकू यावं म्हणून कानांवर यंत्र चढवलं. त्यांनी वैमानिकाच्या खांद्यावरची पट्टी बोटांनी चाचपली आणि शिवण आपलीच असल्याचं त्याला सांगितलं. शहरावरून जायला परवानगी नव्हती, म्हणून त्याने देवनहळ्ळीच्या बाजूला वळवलं. खाली काय काय आहे ते तो बोट दाखवून सांगत होता, अप्पा मान हलवत होते. मागे माझ्या कानांवर काही नव्हतं. नुसत्या घरघरीत मी त्यांच्या पाठीकडे बघत रडत होते. खाली काय होतं, मीही बघितलं नाही.

आई दारातच उभी होती. अप्पांनी तिला सगळं सांगितलं. देवनहळ्ळीचा किल्ला बांगडीएवढा दिसला, द्राक्षांचे मळे दिसले, तळ्यात ढगाची सावली होती. वैमानिकाचा शब्दन् शब्द त्यांनी पाठ करून आणला होता. आईचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "चांगली वेळ बघून गेलं की असं होतं." आणि कॉफी टाकायला आत वळली.

माझ्या ओठांवर आलंच होतं. अप्पांनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायची खूण केली. मी दारापाशी उभी होते. त्यांनी खूण केली ती खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीला.