दारावरचं पिवळं कापड

ज्योत्स्ना मोठी जपणारी बाई. चांगली वस्तू तिच्या हातून वाया जायची नाही. जपानमधल्या सेंदाई शहरात ती राहायची. तिथल्या रहिवासी समितीने घरोघरी पिवळं कापड वाटलं. भूकंपानंतर सगळे सुखरूप असले तर ते दाराला बांधायचं, असं समजावलं. तिने मान डोलावली आणि घरी येऊन ते देव्हाऱ्यात अंथरलं. इतका सुरेख हळदीचा रंग दाराला लटकवायचा? तिच्या जिवावरच आलं.

२०११च्या मार्चमध्ये धरणी हादरली. तिचा नवरा हेमचंद्र हा तिथल्या विद्यापीठात संशोधक. त्याने कशीबशी दूरच्या विमानतळाची बस मिळवली. ज्योत्स्नाने देव त्याच कापडात गुंडाळले आणि जीव मुठीत धरून दोघं पुण्याला पळाली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना, सातो-सानना, सांगायचंही सुचलं नाही.

दाराला कापड दिसेना, म्हणून सातो-सान बर्फातून एकेका निवाऱ्यात या दोघांना शोधत फिरल्या. घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, चालणं कायमचं सुटलं. पुण्याहून परत आल्यावर हे कळलं, तेव्हा ज्योत्स्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे पाच वर्षं तिने त्यांना जेवण नेऊन दिलं, पण माफी काही ओठांवर येईना.

मग एकदा सातो-सान म्हणाल्या, योकोहामाचं जुनं कॅथेड्रल बघायचंय. परदेशी व्यापाऱ्यांच्या वसाहतीतलं ते कॅथेड्रल १९२३च्या भूकंपात कोसळलेलं. शेजारी नवं उभं राहिलं आणि जुन्याचा विटांचा पाया खाली तसाच जपलेला. ज्योत्स्नाने चाकांची खुर्ची ढकलत टेकडी चढवली आणि कठड्याशी थांबली. पुढे पायऱ्या होत्या.

"माझी आई तेव्हा सहा वर्षांची होती, इतर मुलांबरोबर इथे आली होती," सातो-सान म्हणाल्या. "या विटांखाली अडकली. सगळी मुलं बाहेर आली, ही दिसेना. एक परदेशी बाई शोधायला परत आत गेली. आई वाचली, त्या बाई नाही वाचल्या. तुमचं दार रिकामं दिसलं ना, तेव्हा मला तेच आठवलं."

ज्योत्स्नाचा बांध फुटला. "सातो-सान, कापड होतं हो माझ्याकडे! मी त्यात देव बांधून नेले. माझ्यामुळे तुमचे पाय गेले. मला माफ करा."

"कापड तुमच्या देव्हाऱ्यात बघितलंय मी. भूकंपाआधी चहाला आले होते तेव्हाच. तरी शोधल्याशिवाय राहवलं नाही." सातो-सान तिच्याकडे वळल्या. "देव सुखरूप पोचले ना?"

ज्योत्स्नाने डोळे पुसत होकारार्थी मान हलवली.

"मग आता खाली जा. माझ्या वतीने त्या विटांना हात लावून या."

ज्योत्स्ना पायऱ्या उतरू लागली. आपले पाय धडधाकट आहेत, याची तिला प्रत्येक पायरीवर लाज वाटत होती.