चकतीमागचा खडा

आमचे जावई लग्नकार्यांत एक गोष्ट फार रंगवून सांगतात. हिंजवडीच्या रस्त्यावरच्या एका चकचकीत गॅरेजात मी शिरलो, मालकाची गचांडी धरली, स्वतः पाना घेऊन चाक उतरवले आणि ब्रेक ठणठणीत असल्याचे सिद्ध करून त्याला सर्वांदेखत रडवले, अशी ती गोष्ट. ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने पाहतात. या कौतुकाला माझी हरकत आहे. गचांडी धरण्याइतका असंस्कृत मी कधीच नव्हतो. मालक तेथे नव्हताच. आणि मुख्य म्हणजे जावई त्या वेळी आमच्या घरात आलेलेच नव्हते. जे घडताना मी हजर होतो, ते मला सांगू द्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

माझी मुलगी तेव्हा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच रुळली होती. शेतांतून काचेच्या इमारती उठत होत्या आणि रस्त्यावर डांबरापेक्षा खडीच जास्त होती. तिने स्वतःच्या पगारातून मोटार घेतली. आमच्या घराण्यातली ही पहिली मोटार. ती जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला गेलीच पाहिजे, असे माझ्या पत्नीने ठरवले आणि रविवार मुक्रर झाला. आदल्या दिवशी पुढच्या डाव्या चाकातून खरखर ऐकू येऊ लागली. जेजुरीहून परतताना दिवे घाट उतरायचा होता. म्हणून आम्ही तिघेही त्या गॅरेजात गेलो.

गारेगार हॉल, मऊ सोफा, कॉफीचे यंत्र. टाय लावलेला पर्यवेक्षक स्वतः गाडी चालवत आत घेऊन गेला आणि थोड्याच वेळात गंभीर चेहऱ्याने परतला.

"मॅडम, ब्रेक पूर्ण गेलेत. पुढच्या डिस्क, पॅड, मागचे लायनर, सगळं बदलावं लागेल. अशी गाडी घाटात नेणार असाल, तर मी तरी फॅमिलीला बसवणार नाही."

पत्नीचा चेहरा उतरला. "अहो, करून टाका ना ते म्हणतात तसं. उगाच वाद नको."

"वाद नाही. बघायचं आहे," मी म्हणालो आणि उठलो.

येथे जावई 'बाबांचा संशयी स्वभाव' असे शब्द वापरतात. त्यांचे शिक्षण उत्तम आहे, पण त्यांनी शनिवार पेठेत स्कूटर दुरुस्त करून घेतलेली नाही. तेथे गिऱ्हाईक मिस्त्रीशेजारी स्टुलावर बसत असे. मिस्त्री झिजलेला भाग आधी हातात देई, पटला तरच नवा बसवी आणि जुना वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्यासोबत घरी धाडी. यात कोणी कोणावर संशय घेत नव्हते; कामाची रीतच तशी होती.

"काका, कस्टमरला आत अलाउड नाही. सेफ्टीचा प्रश्न असतो."

"ब्रेक पूर्ण गेलेली गाडी तुम्ही आत्ता चालवत आत नेलीत. तेव्हा सेफ्टी कुठे गेली होती?"

"तुम्ही बसा ना काका, कॉफी घ्या."

"घेतली. उत्तम आहे. आता चाक उतरवा."

चाक गॅरेजच्या कारागिराने उतरवले. पाना मी हातात घेतला नाही, हेही नोंदवतो.

आणि मग मी आत वाकून पाहिले. मी कारखान्याच्या तपासणी विभागात उभा जन्म काढला होता. पोलादाचे मला नावीन्य नव्हते. तरीही चाकामागची ती चकती, म्हणजे पर्यवेक्षकाची डिस्क, पाहताच मी थबकलो. लहान ताटाएवढी, आरशासारखी लखलखीत, तिच्यावर केसासारख्या बारीक वर्तुळांच्या रेषा. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या दोन पट्ट्या, म्हणजे पॅड. त्यांतली एकेक माझ्या तळहातात मावली असती. चारही चाकांवरची अशी मूठभर सामग्री धावत्या मोटारीला, तिच्यातल्या माणसांना, त्यांच्या डब्यांना आणि देवाच्या नारळाला जागच्या जागी थांबवते! माझी लेक रोज त्या भरवशावर घरी येत होती आणि मी त्याकडे कधी पाहिलेही नव्हते. पट्ट्यांची झीज दाखवणारी खाच अजून खोल होती. चकतीवर बोट फिरवले. कोठेही चर लागला नाही.

पण खरखर? तिचे उत्तर माझ्याकडे नव्हते. येथेच जावयांची गोष्ट सर्वांत खोटी आहे.

मुलगी ओढणी सावरून चाकाशी उकिडवी बसली. तिने चकती हाताने फिरवली. खर्र. पुन्हा फिरवली. पुन्हा त्याच जागी खर्र.

"बाबा, ब्रेक दाबलेलाच नाहीये आणि तरी वाजतंय. म्हणजे आवाज ब्रेकचा नसेल."

पर्यवेक्षक हसला. "मॅडम, सगळं बदललं की आवाज जाईलच."

"जाईल हो. पण कशाने गेला ते कळणार नाही. आमच्याकडे प्रोग्राम बिघडला, तर एका वेळी एकच गोष्ट हलवून बघतात. सगळं एकदम बदलणाऱ्याला टीममध्ये ठेवत नाहीत."

चकतीच्या मागे एक पातळ पत्रा असतो; आवाज तेथून येत होता. कारागिराने तिच्या सांगण्यावरून तो किंचित वाकवला आणि खडीचा एक टोकदार खडा टणकन फरशीवर पडला. तिने चकती फिरवली. आवाज नाही.

पर्यवेक्षक रडला नाही. त्याने फक्त टाय सारखा केला आणि म्हणाला, "आवाज गेला, पण आमचा सल्ला तोच आहे. उद्या घाटात काही झालं, तर जबाबदारी तुमची."

हे वाक्य मला जड गेले. आयुष्यभर मी धातूचे तुकडे पास किंवा नापास केले. त्यांतल्या एकाच्याही भरवशावर माझी बायको घाट उतरणार नव्हती.

"पट्ट्या जाड आहेत ना बाबा? नक्की?"

मी पुन्हा वाकून पाहिले. "नक्की."

"मग झालं," ती म्हणाली. मात्र घरी येण्याआधी तिने रिकाम्या रस्त्यावर गाडी वेगात नेऊन नेऊन थांबवली.

रविवारी भर दुपारी आम्ही दिवे घाट उतरत होतो. खाली उन्हात पुणे पसरले होते. एका वळणापलीकडे पंक्चर झालेला टेम्पो रस्त्यात आडवा उभा होता. मी ओरडण्यासाठी तोंड उघडले. तोवर तिने पाय दाबला होता. गाडी नाक खाली करून, सरळ रेषेत थांबली. टेम्पोवाल्याच्या हातातला जॅक मला स्पष्ट दिसत होता. त्या मूठभर पट्ट्या आणि त्यांच्यावर टेकलेले माझ्या लेकीचे पाऊल, यांनी आम्हांला थांबवले होते.

पत्नीच्या मांडीवरची भंडाऱ्याची पुडी फुटली होती. आमचे कपडे, काचा, मुलीचे केस, सगळे पिवळे झाले होते. मागून शांत आवाज आला, "लागले हो ब्रेक."

जावई हा घाट सांगतच नाहीत. त्यांना गॅरेजच आवडते. मुलीला विचारले, तर ती हसून म्हणते, "सांगू दे ना बाबा, तुमचंच कौतुक करतोय." मला ते नको आहे. खडा तिने काढला आणि गाडीही तिने थांबवली. मी शेजारी बसलो होतो.