साहेबांचा लेंगा

माझ्या धाकट्या दिराचं लग्न त्याच्या ढुंगणामुळे जमलं. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते, कारण त्या ढुंगणावरचा लेंगा मी शिवला होता.

लॉकडाऊनचं वर्ष. आमच्या ह्यांचा टेम्पो दारात इतका उभा राहिला की त्याच्याखाली कुत्री व्याली. कर्जतची कापडदुकानं बंद होती, आणि उघडी असती तरी आम्ही आत जाऊन नुसते पंख्याखाली उभे राहिलो असतो. अशात आमच्या भागातल्या साहेबांनी घरोघर गव्हाचं पीठ वाटलं. पीठ बरं होतं, पण पिशवी! जाडजूड पांढरं सुती कापड, त्यावर हात जोडून हसणारे साहेब आणि खाली 'सदैव आपल्या सेवेत'. पीठ संपलं की लोक पिशव्या टाकून देत आणि सासूबाई त्या उचलून आणत. घरात पिठापेक्षा साहेब जास्त झाले.

तेवढ्यात नितीनभाऊजींना, म्हणजे ह्याच दिराला, स्थळ आलं. भाऊजी शेती करतात. नोकरी नाही म्हणून आधी इतक्या मुलींनी नकार दिला होता की त्यांना नुसते पोहे दिसले तरी उदास वाटायचं. हे स्थळ गेलं तर पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आणि त्यांची एकुलती एक बरी पँट मागच्या नकाराच्या वेळीच उसवलेली.

मी म्हटलं, मी शिवते की! लग्नाआधी मी महिनाभर शिवणक्लासला जात होते (क्लास महिन्याभरातच बंद पडला, त्यात माझा काही हात नव्हता). पिशव्या सोड्यात उकळल्या, घासल्या, उन्हात टाकल्या. साहेब पार दिसेनासे झाले. लेंगा आणि नेहरू शर्ट घालून भाऊजी आरशासमोर उभे राहिले आणि कधी नव्हे ते हसले.

"वयनी, ह्या खेपेला जमतंय बगा."

जमलंही असतं. पण त्या दिवशी सकाळी उत्साहाच्या भरात मी मोटरसायकलही धुतली. तिच्या फाटक्या सीटमधला स्पंज बादलीभर पाणी प्यायला, आणि भाऊजी त्यावर बसून मुलीच्या वस्तीपर्यंत गेले. ह्यांच्यासोबत मी आणि सासूबाई मागच्या गाडीवर होतो.

मुलीचे वडील आण्णा. घरात शिरताच पाहिलं, तर भिंतीवर देवांच्या रांगेत साहेबांची तसबीर! आण्णा त्यांचे कट्टर कार्यकर्ते निघाले. तरी सोड्यावर माझा विश्वास होता.

भाऊजी मुलीच्या आजीच्या पाया पडायला वाकले, तसा मागून शर्ट वर सरकला. त्यांच्या नेमके मागे आण्णा उभे होते. ओल्या लेंग्यावर साहेब परत आले होते. उजवीकडे एक, डावीकडे एक, दोघेही हात जोडून, सदैव आपल्या सेवेत.

"साहेबांना बुडाखाली घालून आलाय व्हय तुमी?" आण्णांचा आवाज चढला.

भाऊजी घाबरून जवळच्या खुर्चीत बसले, म्हणजे साहेब पुन्हा खाली! काहीतरी सावरावं म्हणून मी बोलून गेले, "आण्णा, आमचं समदं घरच साहेबांच्या आधारावर बसलंय." यानंतर ह्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही. आण्णांनी दाराकडे बोट केलं. ही सोयरीक होणार नाही, निघा म्हणाले. भाऊजींचा चेहरा बघून मला रडूच यायला लागलं.

इतक्यात मुलगी बाहेर आली. मनीषा तिचं नाव. पोह्यांचा ट्रे खाली ठेवून ती सरळ अंगणात गेली आणि दोरीवरचा एक कपडा आणून तिने आण्णांच्या समोर धरला. ती आण्णांची अर्धी चड्डी होती. कपडे उलटे करून वाळत घालायची आपली रीत, त्यामुळे आतली बाजू बाहेर होती, आणि त्या बाजूला हात जोडून साहेब हसत होते.

"आण्णा," ती शांतपणे म्हणाली, "ह्यांनी निदान साहेबांना हवेशीर तरी ठेवलंय."

आजी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आण्णांनी एकदा तसबिरीकडे पाहिलं, एकदा चड्डीकडे पाहिलं आणि "पोहे घ्या" म्हणाले. भाऊजींनी दोन बशा खाल्ल्या. मला त्या पोरीच्या पायाच पडावंसं वाटत होतं, पण त्या घरात त्या दिवशी वाकायची कुणाची हिंमत नव्हती.

आता मनीषा माझी जाऊ आहे. घरात आल्यावर तिने तो लेंगा उलटापालटा करून पाहिला. तिनेच वडिलांची चड्डी शिवलेली, त्यामुळे नजर पक्की.

"ताई," ती हळूच म्हणाली, "छापील बाजू आत घ्यायची असती."

तेव्हापासून शिलाई मशीन तिच्याकडे आहे. मी शिवलेली एकच वस्तू घरात अजून वापरात आहे, ती म्हणजे फरशीपुसणं. त्याला उलट-सुलट नसतं.