भिंगवाल्याला काउंटरवर बसवलं

आमच्या शेजारच्या भिंगवाल्याला ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी तो लहान असतानाच सांगितलं होतं. आम्ही शेजारी तेवढे शिकलेले नव्हतो; आम्ही 'घुम्या' म्हणून मोकळे झालो. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून तो भिंगं घासायचा. मशीनचा एकसुरी आवाज, माणसांची ये-जा नाही. स्वारी खुशीत असायची.

मग काउंटरवरचा माणूस नोकरी सोडून गेला. मालक म्हणाला, "उद्यापासून पुढचंही तूच बघ. नाही जमलं, तर दोन्ही करणारा माणूस शोधतो."

झालं! गिऱ्हाइकाच्या नाकावर पट्टी धरून डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, म्हणजे डोळ्यांत बघणं आलं. हा तर सख्ख्या बहिणीशी बोलतानाही तिच्या चपलांकडे बघतो.

संध्याकाळी ती बहीणच, आमची ताई, दारात आली. "काका, सरावाला जरा तुमचं डोकं द्या."

"रिकामंच आहे, घेऊन जा."

ती हसली नाही. तेव्हा मीही चरकलो.

त्यांच्या स्वयंपाकघरात मी स्टुलावर बसलो. समोर भिंगवाला, शर्ट घामाने भिजलेला, हातात पट्टी.

"अरे, माझे डोळे काय चावतात? तुझी काकू रोज बघते त्यांत, धडधाकट आहे अजून!"

पट्टी खाली पडली. कान गच्च दाबून तो दाराआड जाऊन बसला. धावून आल्यासारखा त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"गेली नोकरी," ताई पुटपुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पडलेली पट्टी उचलून ओट्यावर ठेवली.

मग दाराआडून आवाज आला. "काका, तुम्ही बोलता तेव्हा सगळा चेहरा हलतो. भुवया, गाल, नाकसुद्धा. काय कुठे आहे तेच कळत नाही. भीती वाटते."

"मग काय करू, बाबा?"

"गप्प बसा. माझ्याकडे बघू नका, लांब बघा. लांबच्या चष्म्याला चालतं तसं."

गप्प! मी! पण ताईने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी ओठ मिटले आणि खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर नजर रोवली. गार पट्टी नाकाला टेकली. थरथरली. मग थांबली.

सकाळी मी फ्रेम बघायच्या निमित्ताने दुकानात हजर. पहिल्याच बाई आल्या त्या बोलतच.

"बोलू नका," भिंगवाला काउंटरकडे बघत म्हणाला. "समोरच्या पाटीकडे बघा."

"ही काय पद्धत झाली?"

गल्ल्यावर बसलेल्या मालकाने मान वर केली. भिंगवाल्याच्या कपाळावरून घाम ओघळला.

"चेहरा हलला की मला मोजता येत नाही. भिंग चुकीचं बसेल."

बाईंनी नाक मुरडलं, पण पाटीकडे पाहिलं. त्याने मोजलं, पुन्हा मोजलं, लिहिलं. मालकाची मान खाली गेली.

तेवढ्यात दार ढकलून एक अख्खं कुटुंब आत घुसलं, सगळे एकाच वेळी बोलत. भिंगवाल्याचा रंग उडाला. त्याने तळवे पँटला पुसले, पट्टी उचलली.

"एकेकाने या," तो म्हणाला. आवाज कापत होता.