मक्यावरचं यीस्ट

गेल्या वर्षी मका काढायला आला आणि परतीच्या पावसाने गाठलं. कणसं ओलीच खळ्यात आली आणि दाण्यांवर पिवळट-हिरवी बुरशी धरली. चांगला माल विकला, बुरशीचा भरडून म्हशीला घातला. सासूबाई म्हणाल्या, "ढोरले काय व्हस?" मलाही ते पटलं.

पुढे म्हशीने चारा सोडला, दूध आटलं. एरंडोलहून आलेल्या ढोरांच्या डॉक्टरांनी भरडा हुंगला आणि म्हणाले, "हा आत्ताच बंद करा. या बुरशीचं विष दुधातही उतरतं."

माझी नात तेच दूध पीत होती. तिला काही झालं नाही, म्हैसही सावरली. पण पोर नुसती खोकली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावायची.

यंदा कृषी महाविद्यालयातल्या एक मॅडम प्रयोगासाठी मक्याचं शेत शोधत आल्या. कणसांवर यीस्ट फवारायचं होतं. "हीसुद्धा बुरशीच, पण निरुपद्रवी," त्या म्हणाल्या. "ती आधी जागा धरून बसली की विषारी बुरशीला पसरायला वाव राहत नाही."

"म्हंजे बुरशीवर बुरशी?" सासूबाईंनी विचारलं. "म्हशीले बाधाव नही ना?"

"नाही बाधणार, आजी. पण कणसं नीट वाळवावी लागतीलच."

कणसांना केस फुटले तेव्हा माझ्या नवऱ्याने पंप पाठीला लावून फवारणी केली. ताडून पाहता यावं म्हणून बांधाकडच्या काही ओळी तशाच सोडल्या. काढणीला पुन्हा पाऊस आला. ऊन दिसलं की कणसं पसरायची, आभाळ आलं की ताडपत्री ओढायची, असं आमचं चाललं. सोलताना बांधाकडची कणसं बुरसटलेली निघाली. फवारलेल्यांत क्वचित एखादं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. डोळ्यांना न दिसणारं विष असलं तर?

मॅडमनी नमुने तपासायला नेले. त्यांचा फोन आला तेव्हा मी शेण भरत होते. "फवारलेला मका खुशाल घाला म्हशीला. बांधाकडचा मात्र कोणालाच घालू नका."

मी तिथेच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. रडू का आलं, कळेना.

"काय व्हयनं?" सासूबाई घाबरून धावत आल्या.

"काही नाही. मका चांगला आहे."

त्या माझ्याजवळ टेकल्या, पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मंग रडस काय? ऊठ, हात धू. मी चहा ठेवस."